शिलापूरची चाळण

विषय : विहाराच्या भोजनशाळेसाठी आसपासच्या गावांचे धान्य घेण्याबाबत.
संदर्भ : कुसुंबग्रामच्या खेमा उपासिकेचा उपासकसभेकडे आलेला अर्ज.

वरील विषयास अनुसरून निवेदन की, भगवान शिंदवन विहारात राहत असताना त्यांनी पुढील कथा सांगितली. ती का सांगावी लागली हे आधी नमूद करणे योग्य होईल.

शिंदवन विहाराच्या भोजनशाळेत पूर्वी जवळच्या पाच गावांचे धान्य शिजत असे. कोणाचे राळे, कोणाची वरई, ज्याच्या शेतात जे पिकेल ते. पुढे नगरातल्या श्रद्धावान गृहस्थांनी उपासकसभा स्थापन केली आणि सर्व कामाला शिस्त आली. शिस्त आल्यावर असे आढळले की पाच गावांचे धान्य पाच प्रकारचे असते. भिक्षूंनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती, पण सभेला ते खटकले. म्हणून दूरच्या बंदरावरून एकाच प्रतीचा तांदूळ आणवण्याचे ठरले.

तेव्हा कुसुंबग्रामच्या खेमा नावाच्या विधवेने पाच गावांच्या वतीने अर्ज केला. आमचे धान्य पूर्वीप्रमाणे घ्यावे आणि घेणार असाल तर पेरणीआधी सांगावे, एवढेच तिचे म्हणणे होते. घाई कशाची, असे विचारल्यावर तिने सांगितले की वीटभट्टीचा माणूस रोज ओसरीवर येऊन बसतो आणि शेताच्या मातीचा सौदा करा म्हणतो. धान्याला गिऱ्हाईक नसेल तर लोक माती विकतील. एकदा वरची माती गेली की तिथे काही पिकत नाही.

विहाराचा भांडारिक भद्रसेन हा सरळ मनुष्य. त्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला आणि सभेपुढे ठेवला. सभेने अर्जाचे कौतुक केले. नंतर सभेने धान्याची प्रत विचारली, प्रत कळवल्यावर प्रत कोणी ठरवली हे विचारले, आणि ते कळवल्यावर असा अर्ज पूर्वी कोणी केला होता काय, हे विचारले. खेमा दर उपोसथाला, म्हणजे उपवासाच्या व्रतदिवशी, येऊन भोजनशाळेच्या दाराशी बसू लागली. भद्रसेनाने त्या दाराने जाणे-येणे बंद केले.

भिक्षू याविषयी आपसात बोलत असताना भगवान तिथे आले. काय बोलणे चालले होते ते ऐकून ते म्हणाले, "भिक्षूंनो, असा अर्ज पूर्वीही झाला होता," आणि त्यांनी मागल्या काळची हकीकत सांगितली.

पूर्वी शिलापूर नगरात कीर्तिसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या सार्थवाहाच्या घराण्यात जन्मला. सार्थवाह म्हणजे बैलांचे तांडे घेऊन दूरदेशी व्यापार करणारा. शिलापूर उंच पठारावर वसलेले होते. चारी बाजूंना उतार, उतारांवर लहान लहान गावे, आणि खालच्या सपाट मुलखात जायला एकच घाट. सार्थवाहाचे बैल त्या घाटाने पांढरा, लांब दाण्याचा तांदूळ वर आणीत आणि नगर तो खाई.

फार पूर्वी नगर तो खात नसे. उतारांवर पिकणारे राळे आणि वरई खाई. हे बदलले एका चाळणीमुळे. कीर्तिसेनाच्या आजोबांच्या राज्यात काही लबाड लोक धान्यात वाळू मिसळू लागले होते. लोकांचे दात पडू लागले तेव्हा राजाने पितळेची एक मोठी चाळण करवली, वेशीवर टांगली आणि नियम केला की चाळणीवर राहील ते धान्य आणि खाली पडेल तो केर. धान्य आत जाईल, केर वेशीबाहेरच्या खड्ड्यात जाईल. नियम चांगला होता. चाळण करणाऱ्या कासाराने भोके केवढी पाडू म्हणून विचारले, त्या वेळी वेशीवर सार्थवाहाचे बैल उभे होते. कोणीतरी त्यांच्या पोत्यातला चिमूटभर तांदूळ काढून कासाराच्या हातावर ठेवला. त्या मापाने भोके पडली. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. बहुतेक मोठी नुकसाने दुष्ट हेतूशिवायच होतात. हेतू दुष्ट असता तर कोणीतरी लक्ष ठेवले असते.

राळ्याचा दाणा मोहरीएवढा. उतारावरच्या लोकांनी पहिल्या वर्षी राळे आणून चाळणीवर ओतले आणि ते सगळेच्या सगळे खड्ड्यात गेले. दुसऱ्या वर्षी थोड्यांनी आणले. पुढे कोणी आणले नाही. शेते गवताला सोडून पुरुष सार्थवाहाच्या तांड्यात हमाल झाले. परमुलखाचा तांदूळ पाठीवर घेऊन आपल्याच पडीक शेतांच्या कडेने ते घाट चढत. मजुरी तांदळातच मिळे. नगरात राळ्याचे नाव प्रथम पाखरांच्या संदर्भात निघू लागले आणि नंतर एखाद्याचा पाणउतारा करायचा असेल तेव्हा.

बोधिसत्त्वाच्या वाट्याला हा व्यापार असा आयताच आला होता. त्याने कधी मापात मारले नाही, हमालांना उपाशी ठेवले नाही. नगरात त्याला मान होता.

एका वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तो तांड्याच्या पुढच्या बैलांबरोबर वर पोहोचला असताना मागे मोठा आवाज झाला. तो परत फिरून पाहायला गेला. घाटाचा मधला डोंगर बसला होता. जिथे रस्ता होता तिथे आता नुसती पोकळी होती. मागचा तांडा खालच्या मुक्कामावर थांबला होता म्हणून माणसे वाचली, पण ती पलीकडे राहिली. पलीकडच्या कड्यावर उभे राहून कोणी हात हलवताना दिसे. आवाज पोहोचत नव्हता. कातळ फोडून नवा रस्ता करायला दोन पावसाळे तरी लागणार होते. नगरातली कोठारे एक पावसाळाही पुरणार नव्हती. हा हिशेब बोधिसत्त्वाने तिथेच उभ्या उभ्या मनात केला.

त्याच्याबरोबर पूर्णक नावाचा त्याचा भागीदार होता. पूर्णकानेही तोच हिशेब केला, पण त्याचा चेहरा उजळला.

"घाट बसला हे आज तरी आपल्या दोघांनाच ठाऊक आहे," पूर्णक म्हणाला. "कोठार भरलेले आहे. तोंड मिटून वाट पाहायची."

"कशाची वाट?"

"लोकांना भूक लागायची. व्यापार म्हणजे दुसरे काय असते?"

बोधिसत्त्व त्याच पावली राजवाड्यात गेला. कीर्तिसेन सज्जन राजा होता, म्हणजे कोणी वाईट बातमी आणली तर तो आधी आणणाऱ्याची समजूत घालत असे. त्याने बोधिसत्त्वाला थंड पाणी दिले आणि घाटाची पाहणी करण्यासाठी एक मंडळ नेमले. मंडळ पालख्यांतून गेले आणि परत येऊन त्याने कळवले की घाटाचा जेवढा भाग शिल्लक आहे तेवढा उत्तम स्थितीत आहे. काळजीचे कारण नाही.

बोधिसत्त्वाची काळजी त्यामुळे दुप्पट झाली. तो उतारांवरच्या गावांकडे निघाला. इतकी वर्षे तो या गावांच्या कडेने गेला होता. आत कधी गेला नव्हता. शेते होती, पण त्यांत गवत कमरेपर्यंत वाढून वाळले होते. पेरणीचा काळ पंधरवड्यावर आला होता आणि एकाही शेतात नांगर नव्हता. पेरायला बी कुठून आणायचे, हेही त्याला सुचेना.

पिंपळदरा नावाच्या गावात सोणा नावाची एक बाई अंगणात बसून मडक्याचे तोंड फोडताना दिसली. तिचा नवरा बोधिसत्त्वाच्याच तांड्यात हमाल होता आणि पलीकडे अडकला होता. त्या गावांत एक जुनी रीत उरली होती. लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत राळ्याचे बी घालायचे. शेत पडीक असले तरी ही रीत कोणी मोडली नव्हती. त्यासाठी घरोघरी एक मडके राखेत घोळलेल्या बियाण्याने भरून, शेणाने लिंपून ठेवलेले असे. आणि बी मरू नये म्हणून परसात वाफाभर राळे दरसाल पेरले जाई. सोणा तेच मडके फोडत होती.

"मालक आले का," ती न उठता म्हणाली. "आमचा माणूस पलीकडे ठेवलात आणि तुम्ही तेवढे वर आलात. बसा. मजुरीचे तांदूळ संपलेत, तेव्हा आज लेकीची ओटी शिजवणार आहे. जेवूनच जा."

बोधिसत्त्वाने तिला मडके फोडू नकोस म्हणून विनवले. हे बी शिजवू नका, पेरा. गावोगावच्या सगळ्यांनी पेरा. पीक हाती येईपर्यंत तुमच्या घरांना लागेल तेवढा तांदूळ मी माझ्या कोठारातून देतो, असे तो म्हणाला.

"आणि पिकलं तर विकू कोणाला? तुमच्या त्या चाळणीला?"

"सगळे मी घेईन."

सोणा हसली. "केवढं पोट आहे तुमचं, मालक? या साली घ्याल, अडचण आहे म्हणून. पुढल्या साली रस्ता झाला की तुमचे बैल परत पांढरं धान्य आणतील आणि आमचं हे शेवटचं बीसुद्धा गेलेलं असेल. दयेवर पेरणी करता येत नाही हो. दया एक साल टिकते."

"मग काय करू ते तू सांग."

"माझं राळं वेशीतून धान्य म्हणून आत जाईल, असा शब्द द्या. केर म्हणून नाही. मग पेरते. बाकीच्याही पेरतील, मी सांगते त्यांना."

चाळण राजाची होती. वेस राजाची होती. असा शब्द देणे बोधिसत्त्वाच्या हातात नव्हते, हे त्यालाही ठाऊक होते आणि सोणालाही. माणसे सहसा शब्द देऊन झाल्यावर घाबरतात. तो आधी घाबरला आणि मग त्याने शब्द दिला. सोणाने मडक्याचे फुटलेले तोंड पदराने झाकले आणि ती शेताचे गवत काढायला विळा शोधू लागली.

त्या दिवसापासून बोधिसत्त्वाने थोडी पोती बाजूला ठेवून आपल्या कोठाराचे दोन भाग केले. एक भाग नगरात जुन्याच भावाने विकायचा, दुसरा उतारांवर पाठवायचा. पूर्णकाने आपला वाटा मोजून घेतला आणि भागीदारी सोडली.

मग बोधिसत्त्व चाळण बदलण्याचा अर्ज घेऊन वेशीवर गेला. तिथला द्वाराध्यक्ष गोभूती हा अत्यंत प्रामाणिक अधिकारी होता. त्याने जन्मात कोणाकडून सुपारीचे खांडदेखील घेतले नव्हते. रोज सकाळी तो चाळण स्वतः चिंचेने घासून लख्ख करीत असे. त्याने अर्ज शांतपणे ऐकला आणि अर्जासोबत धान्याचा नमुना लागेल असे सांगितले. बोधिसत्त्वाने मूठभर राळे पुढे केले. गोभूतीने ते चाळणीवर टाकले आणि रिकाम्या चाळणीकडे पाहत तो म्हणाला, "नमुना दिसत नाही."

"खाली पडला आहे, गोभूती."

"खाली पडतो तो केर असतो, सार्थवाह. केराला नमुना म्हणता येत नाही. आपण धान्याचा नमुना आणा, मी अर्ज आजच पुढे पाठवतो."

यात त्याची थट्टा नव्हती. थट्टा असती तर बोधिसत्त्वाला बरे वाटले असते. तो राजाकडे गेला. राजा म्हणाला की मागणी रास्त आहे, परंतु चाळण आजोबांची आहे, तेव्हा या बाबतीत द्वाराध्यक्षाचा अभिप्राय घ्यावा. अर्ज अभिप्रायासाठी गोभूतीकडे आला. गोभूतीने अभिप्राय दिला की नमुन्याची प्रतीक्षा आहे.

उतारांवर पेरणी झाली. राळे उगवले. बोधिसत्त्व दर चार दिवसांनी शेतांवर जाई, आणि जाताना प्रत्येक वेळी त्याला वाटे की आज पीक करपलेले दिसेल किंवा वाहून गेलेले दिसेल. तसे दिसले नाही की तो परत येताना अर्जाची काळजी करू लागे. पीक आले नाही तर नगर मरणार होते. पीक आले आणि वेशीवर अडले तर नगर तर मरेलच, शिवाय त्याचा शब्दही मरेल आणि पुन्हा कोणी पेरणार नाही. कोणती भीती मोठी हे त्याला ठरवता येईना.

नगरात तांदूळ आटत चालला. आधी लोकांनी पेज पातळ केली, मग एक वेळचे जेवण सोडले. घाट बसल्याची गोष्ट आता सर्वांना ठाऊक झाली होती. पाहणीमंडळाने मात्र आपला अहवाल मागे घेतला नव्हता. सार्थवाहाचे बैल तांदूळ घेऊन नगरातून बाहेर जाताना लोक पाहू लागले. नगर उपाशी आहे आणि हा डोंगरातल्या अडाण्यांना खाऊ घालतो, असे बोलणे सुरू झाले. एका सकाळी त्याच्या दारावर दगड पडले. दगड मारणाऱ्यांत त्याचे शेजारी होते. त्यांचे नेम चांगले नव्हते, कारण हातांत जोर नव्हता.

राजाने त्याला बोलावून विचारले, हे खरे आहे काय? बोधिसत्त्व म्हणाला, "खरे आहे, महाराज. इथे ठेवला तर तो खाल्ला जाईल आणि संपेल. तिथे पाठवला तर त्यांचे बी वाचेल, आणि पाखरे हाकायला, निंदणी करायला त्यांच्या अंगात बळ राहील." राजाने मान डोलावली. त्याला ते पटले होते. पण त्याने दारावर पहारा ठेवला नाही, कारण लोकांचेही त्याला पटले होते.

भाद्रपदात राळ्याची कणसे वाकली. उतारांवरच्या बायका गोफणी घेऊन दिवसभर उभ्या राहत. मग कापणी झाली, मळणी झाली, आणि आश्विनाच्या एका सकाळी सोणा आणि तिच्यामागे गावोगावचे बायका-पुरुष डोक्यावर टोपल्या घेऊन वेशीवर आले. वेशीच्या आत लोकांची दाटी झाली. कोणी ओरडत नव्हते. ओरडायला लागणारी ताकद त्यांनी उभे राहण्यासाठी राखून ठेवली होती.

गोभूती चाळणीपाशी उभा होता. त्याची गालफडे बसली होती, अंगरखा लोंबत होता. राजाच्या कोठारावर अधिकार असूनही त्याने स्वतःसाठी एक दाणा जास्त घेतला नव्हता. चाळण मात्र लख्ख होती. सोणाने टोपली ओतली. सोनेरी धार चाळणीवर पडली आणि तशीच खाली गेली.

गोभूतीने गर्दीकडे पाहिले, बोधिसत्त्वाकडे पाहिले. मग तो सावकाश म्हणाला, "हा केर आहे. केर खड्ड्यात जाईल. मात्र खड्ड्यातला केर कोणी उचलू नये, असा नियम नाही."

त्याने आपल्या परीने मोठी सवलत काढली होती. गर्दीतून एक सुस्कारा आला. लोक खड्ड्याकडे सरकू लागले. एवढ्यात सोणा दुसऱ्या टोपलीवर आडवा हात टाकून बसली.

"नाही," ती म्हणाली. "हे खड्ड्यात जाणार नाही."

"बाई, पोटाला काय, कुठून का मिळेना," गर्दीतला एक म्हातारा कळवळून म्हणाला. "उपाशी आहोत आम्ही."

"मला दिसतंय ते, बाबा. मीही उपास काढलेत. पण आज तुम्ही हे खड्ड्यातून उचलून खाल्लंत तर रस्ता झाला की तोंड धुवाल आणि विसराल. केर पेरायला पुढल्या साली कोण वाकेल? तुम्ही वाकाल?" मग ती बोधिसत्त्वाकडे वळली. "मालक, शब्द दिला होतात."

आतली माणसे भुकेली होती, हे खरे होते. बाहेरची बाई बरोबर बोलत होती, हेही खरे होते. चाळणीचा अर्ज नमुन्याच्या प्रतीक्षेत होता. बोधिसत्त्व वेशीतून आत गेला. तो पळाला असे बऱ्याच जणांना वाटले, आणि पूर्णकाने तसे बोलूनही दाखवले.

थोड्या वेळाने तो परत आला तेव्हा त्याच्यामागे शेवटचे दोन बैल होते आणि बैलांवर त्याच्या कोठारातला शेवटचा तांदूळ. हा त्याने स्वतःच्या घरासाठी आणि रस्ता झाल्यावर व्यापार पुन्हा उभा करण्यासाठी राखून ठेवला होता. त्या दिवशी नगरात असल्या एका पोत्याला लोक राहते घर लिहून देत होते. पूर्णक बैलाची वेसण धरून म्हणाला, "वेड लागले का तुला? मला दे, मी विकून देतो." बोधिसत्त्वाने वेसण सोडवून घेतली, बैल वेशीबाहेर नेले, आणि पहारेकऱ्यांच्या चौकीतले उखळ मागवून त्यात तांदूळ ओतला. मग त्याने मुसळ उचलले. ते त्याने जन्मात प्रथमच उचलले होते.

त्याचे ते कांडणे सोणाने थोडा वेळ पाहिले. "असं नाही, मालक," ती म्हणाली. "पाय फोडून घ्याल." तिने मुसळ त्याच्या हातातून घेतले. दुसरी बाई समोर येऊन उभी राहिली. तांदळाची कणी झाली, कणीची बारीक कणी झाली. बोधिसत्त्वाने ती ओंजळीने भरून चाळणीवर टाकली.

पांढरी कणी भोकांतून गळून राळ्याच्या सोनेरी ढिगावर पडली. चाळण रिकामी राहिली.

"गोभूती," बोधिसत्त्व म्हणाला, "चाळण केली तेव्हा याच तांदळाचा दाणा कासाराच्या हातावर ठेवला होता. मी तो तुमच्या डोळ्यांदेखत कांडला. आता खाली पडले आहे ते काय आहे?"

गोभूतीने वाकून खाली पाहिले. "नियमाप्रमाणे..." त्याने सुरुवात केली आणि तो थांबला. नियमाप्रमाणे तो केर होता. पण त्याला केर म्हणायला त्याची जीभ वळेना, कारण कणी पाहून तोंडाला पाणी सुटले होते. आणि शेजारच्या राळ्याला केर म्हणायचे तर कणीलाही म्हणायला हवे होते. तो प्रामाणिक होता, एकाला एक आणि दुसऱ्याला एक असे त्याने कधी केले नव्हते. गर्दी त्याच्याकडे पाहत होती.

शेवटी त्याने चाळण खुंटीवरून काढली, उजेडाकडे धरली, तिच्या एका भोकावर करंगळी फिरवून पाहिली आणि खड्या आवाजात जाहीर केले की भोके झिजून मोठी झाली आहेत. चाळण दुरुस्तीस पाठवण्यात येत आहे. ती दुरुस्त होऊन येईपर्यंत धान्य हाताने तपासून आत सोडले जाईल.

"कोणतं धान्य, दादा?" सोणाने विचारले.

"हे."

"हे म्हणजे कोणतं?"

गोभूतीने टोपलीत हात घातला. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन त्यांतली वाळू पाहिली. वाळू नव्हती. "राळे," तो म्हणाला. "धान्य आहे. आत न्या."

सोणाने हात काढला. टोपल्या वेशीतून आत गेल्या, आणि त्यांच्यामागून सार्थवाहाची कणी गेली.

त्या वर्षी नगर पोटभर जेवले नाही, पण जगले. पुढच्या पेरणीला उतारांवरच्या आणखी गावांनी नांगर काढले. बियाणे सोणाच्या आणि तिच्यासारख्यांच्या घरून गेले. तिचा नवरा मागच्या डोंगरांना वळसा घालून, मेंढरांच्या वाटेने, पाठीवर काही न घेता परत आला आणि लग्नानंतर प्रथमच मळणीला घरी सापडला. तिसऱ्या वर्षी घाट झाला. तांदूळ पुन्हा वर आला आणि बाजारात राळ्याशेजारी बसला. बोधिसत्त्वाचे बैल कमी झाले होते, घरही धाकटे झाले होते. खालच्या मुलखात जाताना आता त्याच्या काही बैलांवर राळे असे.

चाळण कासाराच्या दुकानी पडून राहिली. नवी भोके केवढी पाडू असे त्याने लेखी विचारले होते. ते विचारार्थ राजाकडे गेले, आणि राजाने द्वाराध्यक्षाचा अभिप्राय मागवला. गोभूतीने या वेळी आयुष्यात प्रथमच अभिप्राय द्यायला उशीर केला. तो जिवंत असेतो त्याने तो दिला नाही.

ही हकीकत सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोणा ती आजची खेमा उपासिका. तेव्हाचा राजा कीर्तिसेन तो आज माझ्या सेवेत असलेला भिक्षू आनंद. तेव्हाचा द्वाराध्यक्ष गोभूती तोच आजचा भांडारिक भद्रसेन. आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी ज्याने आपला शेवटचा तांदूळ कांडला तो सार्थवाह मीच होतो. सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, ती हीच. जो आपल्या शेजारच्या शेताला शब्द देतो, त्याने तो पेरणीआधी द्यावा आणि कापणीनंतरही पाळावा."

पाहणीमंडळ आज कोण आहे, ते भगवानांनी सांगितले नाही. उपासकसभेचे काही सदस्य पुढच्या रांगेत बसले होते.

कथा संपल्यावर भद्रसेन उठला, भोजनशाळेच्या दाराशी गेला आणि खेमेपाशी खाली बसला. त्या दाराने तो त्या महिन्यात प्रथमच गेला होता. सभेची बैठक कधी आहे, असे खेमेने त्याला विचारले. पुढच्या पौर्णिमेला, असे त्याने सांगितले. पेरणी त्याआधी आहे, असे ती म्हणाली. ते मला ठाऊक आहे, असे तो म्हणाला.

पौर्णिमेची वाट न पाहता बैठक घ्यावी, अशी विनंती भद्रसेनाने त्याच दिवशी सभेला केली. सभेने कथा अत्यंत बोधप्रद असल्याची नोंद घेतली आणि सांगणाऱ्यांबद्दल आदर व्यक्त केला. बैठकीच्या विनंतीवर सदस्यांची मते मागवण्यात आली असून तीन सदस्यांची मते यायची आहेत. कुसुंबग्रामात दोन शेतांच्या कडेला वीटभट्टीच्या माणसाने खुणेचे दगड आणून टाकले आहेत. खेमेच्या शेतात अजून टाकलेले नाहीत.

सदर अर्जावर हे लिहीपर्यंत निर्णय झालेला नाही.